दोन बोटांचा फरक

नदीननं काहीतरी विचारलं होतं आणि मला ते दिसलं नव्हतं. तिच्या चेहऱ्यावरून तेवढं कळलं. विचारून झाल्यावर उत्तराची वाट पाहणारा चेहरा वेगळाच असतो. भुवया वर थांबतात, हनुवटी जराशी पुढे येते, आणि उत्तर आलं नाही की सगळं हळूहळू खाली उतरतं. ते उतरताना मी पाहिलं. काउंटरवर दोन फोन शेजारी शेजारी ठेवलेले होते, मी आलटून पालटून दोन्हींकडे पाहत होतो, आणि तेवढ्यात माझ्या डाव्या हाताला उभं राहून, कमरेपाशी हात हलवत ती काहीतरी म्हणाली असणार. आम्ही नवराबायको दोघंही जन्माचे बहिरे. कागदोपत्री आमच्यासाठी बरेच गोड शब्द आहेत, पण आपसात आम्ही बहिरेच म्हणतो. आमचं सगळं बोलणं हातांचं, त्यामुळे बाजूला कुणाचं बोट हललं तरी ते टिपायची सवय आम्हाला पाळण्यापासून. मी घाईघाईनं मान डोलावली. कशाला डोलावली ते मलाच ठाऊक नव्हतं. नदीन चालत माझ्या समोर आली. "हो काय, हो?" ती म्हणाली. "मी विचारलं, मोठा की छोटा. त्याचं उत्तर हो?"

दुकानदाराचा यात काही दोष नव्हता. रसेल असं त्याच्या छातीवरच्या पट्टीवर लिहिलेलं होतं. पन्नाशी उलटलेला, दाढी पिकलेली, आणि पाय दुखत असावेत, कारण तो सारखा या पायावरून त्या पायावर भार टाकत होता. आम्हाला ऐकू येत नाही असं कळलं की काही लोक तोंड मोठं करून ओरडायला लागतात. रसेलनं तसलं काही केलं नाही. दुकानातला टॅब्लेट पुढे ओढून तो दोन बोटांनी टाइप करायला लागला आणि प्रत्येक वाक्य झालं की टॅब्लेट आमच्याकडे फिरवायचा. त्यानं लिहिलं होतं, दोन्ही आतून एकच आहेत. मेंदू तोच, मेमरी तीच, बॅटरी तीच, पुढचा-मागचा कॅमेरा तोच, किमतीतही फारसं काही नाही. सख्खे भाऊ समजा, एक जरा उंच निघालाय. आणि त्यानं खरोखरच दोन फोन पायाशी जुळवून उभे धरले आणि वर उरलेल्या जागेत आपली दोन बोटं आडवी ठेवून दाखवली. नदीनला हसू आलं. तिला अशी माणसं आवडतात. "मग विचार कसला करतोयस?" ती मला म्हणाली. "मोठा घे की. एरीहून बोलेन तेव्हा नीट दिसेन तरी तुला." मी विचार करतोय असा चेहरा केला. त्या दोन बोटांत माझं काय काय अडकलंय ते तिथे फक्त मला ठाऊक होतं.

रविवारी ती एरीला, माहेरी, जाणार होती. तिची आई न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, आणि तिच्याजवळ कुणीतरी राहायला हवं होतं. एरी काही दूर नाही. रॉचेस्टरहून निघालं आणि तळ्याच्या कडेकडेनं जात राहिलं की दुपारच्या जेवणाला पोचतो माणूस. हिवाळाभर राहीन, ती म्हणाली होती, बर्फ वितळलं की येईन. मी हो म्हटलं होतं. पण मग मी कपाट उघडलं तेव्हा तिचा पिवळा झगा तिथे नव्हता, चपलाही नव्हत्या, आणि जुलैत तळ्यावर जाताना ती घालते ती गवताची टोपीसुद्धा खुंटीवर नव्हती. हिवाळ्यासाठी जाणारी बाई टोपी कशाला नेईल? मी कपाट लावून घेतलं आणि काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिनं उत्तर दिलं असतं. नदीन खोटं बोलत नाही, तेवढी मेहनत घेणं तिला कधीच जमलेलं नाही.

माझ्या डोळ्यांचं मी तिला सांगितलं नव्हतं. आमच्यातल्या काहींच्या वाट्याला हे येतं, कान जन्मतःच नसतात आणि चाळिशी-पन्नाशीत डोळे कडेकडेनं झिजत येतात. लोकांना वाटतं त्या कडांना अंधार दिसत असेल. अंधार दिसला असता तर मी त्याला घाबरलो तरी असतो. तसं काहीच नसतं. जे नाही ते नाहीच, आणि ते नाही हेसुद्धा कळत नाही, जोवर खुर्चीचा पाय नडगीला लागत नाही किंवा कुणाचा पुढे केलेला हात तसाच हवेत राहिलेला शेवटी दिसत नाही. डॉक्टरनं कागदावर एक मोठं वर्तुळ काढलं, त्यात एक लहान काढलं, आणि लहानाबाहेरचं मोठ्यातलं सगळं पेन्सिलीनं भरून टाकलं. आणखी किती दिवस, असं मी विचारलं. कुणाचं लवकर, कुणाचं उशिरा, तो म्हणाला. दुभाषी म्हणून कॉलेट आली होती, तिनं ते नेहमीच्या नीटनेटक्या हातांनी मला सांगितलं, आणि तिचे डोळे मात्र माझ्या कोटाच्या बटणावर होते. त्यानंतर मी हुशार झालो. गाडीची किल्ली नदीनच्या हाती दिली आणि कंबरेचं दुखणं सांगितलं. हॉटेलात भिंतीला पाठ लावून बसायला लागलो, म्हणजे सगळे समोरच येतात. घरातल्या वस्तूंच्या जागा पाठ केल्या. ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत, जिथे मी परत आलेली पुस्तकं लावतो, तिथे तर काही अडचणच नव्हती, कारण पुस्तकाला दोन हात नसतात. माणसाला असतात, आणि समोरचा जवळ बसलेला असला की त्याचा चेहरा पाहावा तर हात जातात, हात पाहावेत तर चेहरा जातो. नदीनचं तर विचारूच नका. तिचं बोलणं असं ऐसपैस की आमच्या बहिऱ्यांच्या क्लबात मैत्रिणी म्हणतात, हिच्या शेजारी दोन खुर्च्या रिकाम्या ठेवा. तिचा उजवा हात गोष्ट सांगायला निघाला की पार शेजारच्याच्या ताटावरून फिरून येतो. त्याच हातांवर मी भाळलो होतो. आता ते जातात कुठे आणि येतात कुठून, मला पत्ता नसतो. अर्धं वाक्य दिसतं, उरलेलं मी चेहऱ्यावरून जुळवतो, आणि नवरा म्हणून इतकी वर्षं काढलेली असल्यामुळे बऱ्याचदा जुळतंही.

जुळत नाही तेव्हा काय होतं ते ऐकू येणाऱ्यांना समजावून सांगणं कठीण आहे. तुमच्यात कुणी ऐकलं नाही तर म्हणता येतं, लक्ष नव्हतं, आवाज होता. आमच्यात बोलणाऱ्याकडे न पाहणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार लावणं. आईबाप मुलाला पहिली शिस्त लावतात ती हीच, समोरचा बोलतोय, नजर काढायची नाही. आणि मी वर्षभर नदीनवर दार लावत होतो. ती शेगडीपाशी उभी राहून बाजूनं काहीतरी म्हणायची, मी पेला उचलून निघून जायचो. गाडी चालवताना ती एका हातानं स्टिअरिंग धरून दुसऱ्या हातानं, मांडीजवळ, पूर्वीसारखं बोलायची, आणि मी समोरच्या रस्त्याकडे पाहत बसायचो. एकदा थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या आदल्या दिवशी ती भोपळ्याच्या पाईचं पीठ मळता मळता तिच्या बहिणीबद्दल कितीतरी वेळ सांगत होती म्हणे. मला कळलं ते जमिनीतून, तिनं लाटणं ओट्यावर आपटलं तेव्हा. मी वळलो. ती रडत होती आणि हात पिठानं पांढरे झाले होते. "भिंतीशी बोलले असते तर बरं," ती म्हणाली. "भिंत निदान उठून जात नाही." मी माफी मागितली, दमलोय म्हणालो. सुरुवातीला ती भांडायची, मग टोमणे मारायला लागली, आणि अलीकडे तेही बंद झालं होतं. आपण तिला नकोसे झालोय, असं ती समजतेय, हे मला दिसत होतं. तेवढं मात्र मला स्वच्छ दिसत होतं. आणि तरी मी गप्प राहिलो, कारण आंधळा ठरण्यापेक्षा तुसडा ठरणं मला परवडत होतं. तुसड्या नवऱ्याशी बायको भांडते, निदान तेवढा त्याचा मान राहतो.

याला कारण ड्वेन. आमच्या क्लबात शुक्रवारी तळलेली मासळी असते, गावातल्या सगळ्या क्लबांत असते, आणि खिडकीजवळच्या खुर्चीत ड्वेन बसलेला असतो. तो माझ्याच शाळेचा, माझ्यापुढे बरीच वर्षं. एकेकाळी छापखान्यात होता. तेव्हा छापखान्यांत आम्हा बहिऱ्यांना आनंदानं घ्यायचे, कारण यंत्रांच्या धडधडीचं आम्हाला काहीच नव्हतं. त्याचे डोळे साठीच्या आत गेले. आता त्याच्याशी बोलायचं तर आपला हात त्याच्या तळहाताखाली द्यायचा आणि त्याला कळेल असं सावकाश बोलायचं. लोक चांगले आहेत. येतात, त्याच्या खांद्यावर हात ठेवतात, हवा कशी आहे ते सांगतात, आणि जातात. बसत कुणी नाही. त्याच्या ताटातली मासळी थंड होते आणि तो दारातून आत येणाऱ्या वाऱ्याकडे तोंड करून हसत असतो, कारण वारा आला म्हणजे कुणीतरी आलं. नदीन मात्र बसते. दर शुक्रवारी खुर्ची ओढून त्याच्याजवळ बसते आणि सगळ्या क्लबाची बित्तंबातमी त्याच्या हातात ओतते, कोण जाडा झाला, कोणाचं जमलं, कोणाचं मोडलं. ड्वेन पोट धरून हसतो. एका शुक्रवारी, डॉक्टरकडे जाऊन आलो त्याच आठवड्यात, आज घरी गेल्यावर सांगायचंच असं मी ठरवलं होतं. आम्ही गाडीत बसलो. नदीननं आतला दिवा लावला, दोन्ही मनगटं झटकली, बोटं मोडली, आणि म्हणाली, "दमले." बस, एवढंच. मग दिवा मालवून तिनं गाडी सुरू केली. मी खिडकीतून पाहत बसलो, म्हणजे पाहतोय असं दाखवत बसलो, कारण अंधार पडल्यावर मला काहीच दिसत नाही. त्या एका शब्दानं माझ्या तोंडाला कुलूप लागलं. आपण कुणाचा तरी शुक्रवार व्हायचं नाही, असं मी मनाशी म्हटलं.

रसेलनं पुन्हा टॅब्लेट फिरवला. लिहिलं होतं, दोन्हींवरून एकमेकांना व्हिडिओ कॉल लावून बघा, घाई नाही. नदीनला ते पटलं. तिनं मोठा फोन उचलला, छोटा माझ्या हातात ठेवला, आणि दुकानाच्या पार दुसऱ्या टोकाला, कपडे धुण्याच्या यंत्रांच्या रांगेपर्यंत गेली. जाताना तिची पाठ दिसत होती, मग रांगांमध्ये तीही नाहीशी झाली. हातातला फोन थरथरला. मी उत्तर दिलं.

आणि नदीन आली. सगळीच्या सगळी आली. फोन तिनं एका यंत्रावर टेकवून ठेवला होता आणि ती चार पावलं मागे सरून उभी होती, आणि त्या लहानशा काचेत तिचे पिकलेले केस होते, जाड भुवया होत्या, हिरवा कोट होता आणि दोन हात होते. दोन्ही हात. चेहरा आणि हात एकाच वेळी. मला कुठेच पाहायला जावं लागत नव्हतं, सगळं माझ्यासमोर आलं होतं. "दिसते का?" ती म्हणाली. "जाडी दिसते का खरं सांग. हा कोट मला नाहीच शोभत, तुझ्या बहिणीनं गळ्यात मारलाय." तिचा उजवा हात बहिणीचं नाव घेऊन लांब निघाला आणि काचेच्या कडेपर्यंत जाऊन परत आला, आणि तो गेला कसा, आला कसा, ते सगळं मी पाहिलं. मी किती दिवस उपाशी होतो ते मला जेवणाचं ताट समोर आल्यावर कळलं. बोलायचं विसरून मी नुसता पाहत राहिलो. तिनं क्षणभर वाट पाहिली. मग नजर दुसरीकडे वळवली आणि हात खाली नेऊन, कमरेपाशी, माणूस स्वतःशीच पुटपुटतो तसं अगदी लहान बोलली, "याला काय. मी असले काय, नसले काय."

हे ती नेहमीच म्हणत असणार. माझ्या बाजूला उभी राहून, गाडीत, ओट्यापाशी, पलंगाच्या कडेला. मी ते कधीच पाहिलं नव्हतं. एक हात मोकळा होता तेवढ्यानं मी म्हणालो, "असं नाही." तिनं दचकून काचेकडे पाहिलं. इतक्या दिवसांत तिच्या पुटपुटण्याला उत्तर आलं नव्हतं. ती पुढे आली, तिचा चेहरा काचभर झाला आणि कॉल बंद झाला.

ती परत येईपर्यंत मी विचार केला, मोठा फोन हातात धरला तर काय होईल. मोठ्या काचेत ती मोठी होणार, आणि मोठी झाली की तिचे हात माझ्या हद्दीबाहेर जाणार. हात लांब करून धरला तर ती मावेल, पण मग बोलायला मला एकच हात, आणि तोही थकणार. किंवा मेजाच्या पलीकडच्या टोकाला ठेवायचा. चाललं असतं तेही. गुपचूप मोठा घ्यावा, ती खूश होऊन जाईल, मग मेज आहेच. इतकं सोपं होतं. मी वर्षभर अशाच सोप्या गोष्टी करत आलो होतो आणि त्यातूनच ती टोपी खुंटीवरून गेली होती. मला तिला पूर्ण पाहायचं होतं. रोज, थोडा वेळ का होईना. नदीन काउंटरपाशी आली तेव्हा मी छोट्यावर बोट ठेवलं.

"छोटा?" ती म्हणाली.

"छोटा."

"का?"

"हातात बसतो."

"हातात बसतो! मोठाही बसतो. तुझे हात काय बाहुलीचे आहेत?" तिनं मोठा उचलून माझ्या पंजात ठेवला. "बघ, बसला. आता सांग."

"मला छोटा हवा."

"म्हणजे मी छोटी हवी." तिचे हात मोठे व्हायला लागले. राग आला की ते नेहमीच होतात, आणि मला तुकडे दिसायला लागले, एक कोपर, एक मूठ, मग नुसता चेहरा. "दीडशे मैलांवर असले तरी ... तेवढीसुद्धा जागा ... दोन बोटं! दोन बोटं जास्त दिसले तर ... " मधले शब्द कुठेतरी माझ्या कानशिलांपलीकडे सांडत होते. मी ते वेचायला डोळे इकडून तिकडे नेले. तिला वाटलं मी नजर फिरवतोय, लोक बघतायत म्हणून लाजतोय. "तेही नको? बघायचंही नाही?" तिचा चेहरा एकदम शांत झाला. रसेल दोन पावलं मागे सरला. "ठीक आहे," ती म्हणाली, "मीही नाही बघत."

आणि तिनं डोळे मिटून घेतले.

आमच्यात याच्यापुढे भांडण जात नाही. डोळे मिटलेल्या बहिऱ्या माणसाला तुम्ही काहीही सांगू शकत नाही. ओरडून उपयोग नाही, लिहून उपयोग नाही, पाय आपटलेत तर त्याला एवढंच कळतं की तुम्ही अजून तिथेच आहात. नवराबायकोंनी हे करू नये असं क्लबातली जुनी माणसं सांगतात. नदीननं आमच्या संसारात एकदाही केलं नव्हतं. ती तिथे उभी होती, हिरव्या कोटात, डोळे घट्ट मिटून, आणि मी आता सगळं सांगायला तयार होतो. वर्षभर ती डोळे उघडे ठेवून समोर होती तेव्हा मी काही बोललो नाही. आता मला सांगायचं होतं आणि सांगायला समोर कुणी नव्हतं. ती रविवारी अशीच गाडीत बसेल, मला वाटलं. डोळे उघडे असतील, पण अशीच.

आमची नावं हातांवर असतात, एकमेकांना आम्ही ती शाळेत असतानाच दिलेली. नदीनला डाव्या गालावर खळी पडायची, म्हणून तिचं नाव म्हणजे गालावर टेकवलेलं एक बोट. दुसऱ्याला सांगताना ते आपल्याच गालावर टेकवायचं असतं. मी पुढे होऊन ते तिच्या गालावर टेकवलं. तिनं मान झटकली. मी पुन्हा टेकवलं, आणि बोट तसंच ठेवलं. या वेळी ती हलली नाही. मग मी तिचे दोन्ही हात धरले, ते ताठ होते आणि गार होते, आणि माझ्या हातांच्या पाठीवर ठेवले. ते ओढून घेतले जातील असं मला वाटलं होतं. पण कुणाचे हात कशासाठी मागितले जातात ते तिच्या हातांना ड्वेनच्या सवयीनं ठाऊक असावं. ते राहिले.

मी माझे तळवे कानशिलांशी उभे धरले, तिचे हात त्यांच्यावर. मग हळूहळू पुढे आणत गेलो, आणि आणता आणता जवळ जवळ नेत गेलो, मध्ये एका चेहऱ्याएवढी फट राहीपर्यंत. तिथे थांबलो. तिच्या बोटांना ती फट कळली. तिनं अंगठा आत घालून ती चाचपलीसुद्धा. मग मी दोन बोटं वाकवून माझ्या डोळ्यांपाशी नेली, त्याला आमच्या बोलीत एकच अर्थ आहे, आंधळेपण.

तिनं डोळे उघडले.

"कुणाचं?" ती म्हणाली. तिला कळलं होतं, तरी विचारलं.

"माझं."

"ड्वेनसारखं?"

"ड्वेनसारखं. आज ना उद्या."

"कधीपासून?"

"गेल्या थँक्सगिव्हिंगच्या आधीपासून."

"डॉक्टरकडे गेला होतास? दुभाषी कोण होतं?"

"कॉलेट."

"कॉलेट!" त्यातही तिला हे झोंबलं. "म्हणजे कॉलेटला माहीत. माझ्या आधी कॉलेटला! दर शुक्रवारी माझ्या शेजारी बसून माझे बटाटे खाते ती, आणि ... का? मला का नाही सांगितलंस?"

आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. "त्या रात्री गाडीत तू म्हणालीस, दमले."

तिला आठवेना. ती खरंच आठवायचा प्रयत्न करत होती, कपाळावर आठ्या आल्या. "मी? कधी?"

"ड्वेनशी बोलून निघालो तेव्हा. मनगटं झटकलीस, आणि म्हणालीस."

"अरे, दमणारच ना माणूस. स्वयंपाक करूनही दमतं. म्हणून काय जेवायचं सोडतं कुणी?" तिनं माझ्या छातीवर दोन्ही मुठी आपटल्या, लागेल इतक्या. "एका शब्दासाठी वर्षभर? तू उठून जायचास. मी बोलत असायचे आणि तू उठून जायचास. मी आरशात बघायला लागले होते, माझं काय झालंय म्हणून. तुला कल्पना आहे?"

"आहे," मी म्हणालो. "दिसत होतं."

"आणि तरी?"

तिनं पाठ फिरवून डोळे पुसले. रसेल टॅब्लेट छातीशी धरून उभा होता. आमच्याकडे पाहावं की नाही ते त्याला ठरवता येत नव्हतं. नदीननं त्याच्याकडे न बघताच छोट्या फोनवर दोनदा बोट आपटलं. त्यानं मान हलवली आणि पेटी आणायला आत गेला. मग ती माझ्याकडे वळली.

"आत्ता किती दिसते मी तुला? इथे उभी आहे तशी."

मी हातांनी तिच्या चेहऱ्याभोवती दाखवलं, केसांपासून हनुवटीपर्यंत, एका कानापासून दुसऱ्यापर्यंत.

"एवढंच?"

"एवढंच."

तिनं आपल्या हातांकडे पाहिलं असावं, कारण तिची नजर खाली, मला दिसत नाही तिकडे गेली आणि बराच वेळ तिथेच राहिली. मग तिचे हात वर आले. हनुवटीला अगदी लागून, एकमेकांना चिकटून, कोपरं अंगाशी आवळून. इतकं लहान बोलताना मी नदीनला जन्मात पाहिलं नव्हतं. बोटं एकमेकांत अडकत होती, एक शब्द तिला पुन्हा करावा लागला.

"मी एरीहून परत येणार नव्हते," ती म्हणाली.

सगळं दिसलं. चेहराही दिसला आणि हातही दिसले, एकाच वेळी, कुठलाच शब्द कडेला सांडला नाही.

"दिसलं," मी म्हणालो. मग विचारलं, "आणि आता?"

"माहीत नाही."

रसेल पेटी घेऊन आला होता, ती त्यानं काउंटरवर ठेवली. आम्ही दोघांनीही तिच्याकडे पाहिलं नाही. नदीनचं बोलून झालं होतं. हात खाली न्यायला हरकत नव्हती. तिनं ते नेले नाहीत. हनुवटीपाशी, मला दिसेल एवढ्याच जागेत, ती ते धरून उभी राहिली.